मांजराची शेपटी कोणी नेली?

श्रोतेहो, सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. शाळेतली पोरं चिडवतात म्हणून तो बिचारा न्हाव्याकडे जातो आणि रोज एकेक शेपटी कापून घेतो. शेवटी एकही शेपटी उरत नाही, आणि मग पोरं त्याला बिनशेपटीचा म्हणून चिडवू लागतात. गोष्ट ऐकून आपण हसतो आणि पुढे जातो. पण समजा, वर्गातल्या एखाद्या चौकस पोराने हात वर करून विचारले, "गुरुजी, मग त्या उंदराच्या पिल्लांना शेपट्या आल्या का हो?" तर गुरुजींनी काय उत्तर द्यावे?

प्रश्न पोरकट वाटेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले मोठमोठे पंडित याच प्रश्नावर एकमेकांशी वाद घालत होते. त्या वादात उंदीर तर होताच, पण मुख्य साक्षीदार म्हणून उभे केले होते ते मांजराला. जन्मतःच शेपटी नसलेल्या, किंवा अगदी आखूड शेपटीच्या मांजरांची ही हकिगत आहे. आपल्याकडे शेपूट नसलेल्या जनावराला 'बांडे' म्हणतात. या बांड्या मांजरांनी माणसाला वंशपरंपरेचा एक मोठा धडा शिकवला. तो धडा अजून आपल्या घराघरांत पोचलेला नाही, म्हणून आज तो सांगायचा.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात मॅन नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षा थोडे कमीच. एवढेसे बेट, पण त्याला स्वतःची विधानसभा आहे आणि स्वतःची जुनी भाषाही आहे. या भाषेला आणि तिथल्या लोकांना 'मँक्स' म्हणतात. बेटाचे राजचिन्ह मोठे गमतीचे आहे. गुडघ्यात वाकलेले तीन पाय एकमेकांना जोडलेले, आणि त्याखाली लॅटिन भाषेत ब्रीद: कसेही फेका, ते उभेच राहील. हे ब्रीद मांजरालाच जास्त शोभते, नाही का? आणि खरोखरच या बेटाची दुनियेत ओळख झाली ती मांजरामुळे. १९७० साली तिथल्या एका नाण्यावर मांजराचे चित्र छापले गेले. ते मांजर होते बिनशेपटीचे.

या मँक्स मांजरांत सगळी सारखी नसतात. काहींच्या पाठीचा कणा जिथे संपतो तिथे शेपटीच्या जागी नुसता खळगा असतो. काहींना बोटाच्या पेराएवढे थुटूक असते. काहींना अर्धी शेपटी, तर काहींना चांगली पुरी शेपटी असते. एकाच वेताची पिल्ले घेतली तरी त्यांत हे सारे प्रकार सापडू शकतात. साध्या मांजराच्या शेपटीत सुमारे वीस लहान लहान मणके असतात. मँक्स मांजरात त्यांतले काही, किंवा सगळेच, बनलेले नसतात. तरीही ही मांजरे झाडावर चढतात, उड्या मारतात आणि उंदरांच्या बाबतीत कुणाला हार जात नाहीत.

आता शेपटी का नाही, हा प्रश्न बेटावरच्या माणसांनाही पडलाच. आणि माणसाला प्रश्न पडला की गोष्ट तयार होते. एक गोष्ट सांगते, की महापुराच्या वेळी नोहाच्या नावेत सगळे प्राणी चढले, पण मांजर उंदराच्या मागे लागून उशीर करून आले. नोहाने घाईने दार लावले आणि शेपटी दारात सापडून तुटली. दुसरी गोष्ट अशी, की परके लढवय्ये आपल्या शस्त्रांना आणि शिरस्त्राणांना तुरे म्हणून मांजरांच्या शेपट्या लावत. तेव्हा मांजरींनी आपल्या पिल्लांचा जीव वाचावा म्हणून त्यांच्या शेपट्या स्वतःच चावून तोडल्या. तिसरी कथा इतिहासाचा पेहराव करून येते. १५८८ साली स्पेनच्या राजाने इंग्लंडवर आरमार पाठवले, त्यातले एक गलबत या बेटाच्या दक्षिण टोकाशी फुटले, आणि गलबतावरची बांडी मांजरे पोहत किनाऱ्याला लागली, असे सांगतात. पण या गलबतफुटीला पुरावा नाही.

चौथे मत एका विद्वानाचे आहे. जोसेफ ट्रेन नावाच्या स्कॉटिश संशोधकाने १८४५ साली या बेटाचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याने स्वतः असे एक मांजर पाळले होते. त्याचे लांब मागचे पाय आणि टुणटुण उड्या मारत चालणे पाहून त्याने अनुमान काढले, की हे मांजर आणि ससा यांच्या संकरातून झाले असावे. दिसण्यावरून केलेला तर्क किती फसवा असतो, पहा. सशाचे आणि मांजराचे कूळच वेगळे. मांजराच्या पेशीत वंशसूत्रे ३८, सशाच्या पेशीत ४४. असा संकर होत नाही.

या गोष्टींपैकी पहिल्या दोन जरा निरखून पहा. दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. शेपटी आधी होती, मग कुणीतरी ती तोडली, आणि एकदा तुटली म्हणून पुढच्या सगळ्या पिढ्या बिनशेपटीच्या झाल्या. म्हणजे आईबापाच्या अंगावर झालेला घाव पिल्लाच्या अंगावर उमटतो, असा हा समज आहे. गोष्ट रचणाऱ्या भोळ्या माणसांचाच तो समज होता असे नाही. त्या काळचे अनेक शास्त्रज्ञही तसेच मानत.

चार्ल्स डार्विन यांनी १८६८ साली पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात या मांजरांची नोंद आहे. डॉ. विल्सन नावाच्या गृहस्थांनी मॅन बेटावरच्या एका बोक्याची साध्या मांजरींशी जोडणी केली. एकंदर २३ पिल्ले झाली, त्यांतली १७ बिनशेपटीची निघाली. उलट, बेटावरची मांजरी आणि साधे बोके अशी जोडी लावली तेव्हा सगळ्या पिल्लांना शेपट्या आल्या, पण त्या बहुधा आखूड आणि अपुऱ्या होत्या. पहिल्या जोडीतली गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे. तिथे आईची शेपटी चांगली धडधाकट होती, आणि तरी पिल्ले बांडी झाली. खूण आली होती बापाकडून.

आता जर्मनीत जाऊ या. १८८७ च्या सप्टेंबरात वीसबाडेन या गावी जर्मन निसर्गशास्त्रज्ञांचे संमेलन भरले होते. तिथे ऑटो झकरियास नावाच्या अभ्यासकाने काही बिनशेपटीची पिल्ले आणून सभेपुढे ठेवली. पिल्लांच्या आईची शेपटी गाडीचे चाक जाऊन तुटली होती, असे सांगण्यात आले. झाले! आईची शेपटी तुटली, पिल्लांची शेपटी गेली. आणखी पुरावा तो काय हवा? वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला. शरीरावर झालेली जखम वंशात उतरते हे सिद्ध झाले, असे लोक बोलू लागले.

याच देशात फ्रायबुर्ग येथील विद्यापीठात ऑगस्ट वाइझमन नावाचे प्राध्यापक होते. त्यांना हे पटेना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्राण्याच्या शरीरात वंश पुढे नेणारी बीजे वेगळी असतात आणि बाकीचे शरीर वेगळे असते. हात, पाय, शेपटी यांना काही इजा झाली तर ती बातमी बीजापर्यंत पोचत नाही. झाडाची फांदी तोडली म्हणून त्याच्या बियांतून बिनफांदीचे झाड उगवत नाही, तसेच हे. पण नुसते म्हणून भागत नाही, दाखवावे लागते. त्यांनी १८८७ च्या ऑक्टोबरात पांढरे उंदीर घेतले आणि त्यांच्या शेपट्या कापल्या. त्या उंदरांना पिल्ले झाली, त्यांच्याही शेपट्या कापल्या. मग त्यांची पिल्ले, मग त्यांचीही. असे पाच पिढ्या चालले. शेपट्या कापलेल्या आईबापांना एकंदर ९०१ पिल्ले झाली. त्यांत शेपटीवाचून जन्मलेले एकही नव्हते!

म्हणजे आपल्या गोष्टीतल्या पोराला गुरुजींनी काय सांगायचे ते ठरले. न्हाव्याने किती का शेपट्या कापल्या असेनात, उंदराच्या पिल्लांना त्याचे काहीच लागत नाही.

खरे म्हणजे हा प्रयोग आपण माणसे हजारो वर्षे करत आलो आहोत. आपल्याकडे मुलांचे कान किती पिढ्यांपासून टोचले जातात? आजीचे टोचले, आईचे टोचले, आणि तरी नात जन्मते ती आपली बिनभोकाचा कान घेऊन. सोनाराला दर पिढीत पुन्हा बोलवावेच लागते. पुरावा आपल्या कानाशीच होता, पण त्याच्याकडे पुरावा म्हणून कुणी पाहिले नव्हते.

पण मग झकरियास यांच्या त्या पिल्लांचे काय? ती तर खरोखरच बिनशेपटीची होती. १८८८ च्या सप्टेंबरात कोलोन येथे वाइझमन यांचे या विषयावर व्याख्यान झाले. त्यात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. आईच्या शेपटीची एवढी चर्चा झाली, पण या पिल्लांचा बाप कोण? त्याला शेपटी होती की नव्हती? याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. बापाची कुणी चौकशीच केली नव्हती!

आणि याच व्याख्यानात त्यांनी आपल्या भागातली एक हकिगत सांगितली. फ्रायबुर्गजवळ वाल्डकिर्ख नावाचे गाव आहे. तिथेही बिनशेपटीची पिल्ले अधूनमधून जन्मत. माग काढता काढता असे समजले, की काही वर्षांपूर्वी त्या गावात एक पाद्री राहत असत, त्यांच्या पत्नी इंग्रज होत्या, आणि त्या बाईंपाशी मॅन बेटावरचा एक बांडा बोका होता. बोके कुंपणे जुमानत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको. गावातल्या बांड्या पिल्लांचा उलगडा त्या पाहुण्या बोक्यावरून होण्याजोगा होता. त्यासाठी कुठल्या मांजरीच्या तुटक्या शेपटीची गरज नव्हती.

श्रोतेहो, मला या साऱ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे खोटे कुणीच बोलत नव्हते. आईची शेपटी तुटली असेल, पिल्ले बांडी होती हेही खरे. चूक झाली ती दोन खऱ्या गोष्टींना घाईने एकत्र बांधण्यात. आणि बांधताना दोर जाऊन पडला तो आईच्या गळ्यात.

आता आपल्या गावांकडे पाहू. बाळाचा ओठ फाटलेला असला, की पहिला प्रश्न काय येतो? "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" सुईत दोरा ओवला असेल, विळीवर भाजी चिरली असेल, दाराची कडी लावली असेल, नाही नाही त्या गोष्टी त्या बिचाऱ्या बाळंतिणीला आठवायला लावतात. आणि नऊ महिन्यांत काही ना काही तर चिरलेले असणारच, घरात स्वयंपाक कोण करतो? मग सासू म्हणते, "बघा, मी सांगितलं होतं." ती पोर जन्मभर मनाशी दोष घेऊन बसते. फाटलेला ओठ हा गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग जुळताना राहिलेला दोष असतो. त्यामागे आई आणि बाप या दोघांकडून आलेला वारसा असू शकतो, इतर कारणेही असू शकतात, पण विळीचा त्याच्याशी संबंध नाही. शस्त्रक्रिया करून तो ओठ शिवता येतो. घरच्यांनी बाळाला लवकर दवाखान्यात न्यावे. बाळंतिणीची उलटतपासणी घेण्यात दिवस घालवू नयेत.

आता पुन्हा मांजरांकडे वळू. जखम वंशात उतरत नाही, हे तर ठरले. मग शेपटी नेली कोणी? या कोड्याची किल्ली सापडायला बराच काळ लागला, आणि गंमत अशी की ती दिली पुन्हा उंदरानेच. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवर प्रयोग करून १८६५ साली वारशाचे नियम मांडले होते. १९०० साली जगाचे लक्ष तिकडे गेले. वारशाचे एकेक कलम जोडीने असते, एक आईकडून येते आणि एक बापाकडून, हे समजले. पुढे १९२७ साली पॅरिसमध्ये नादीन दोब्रोवोल्स्काया-झावादस्काया या रशियातून आलेल्या शास्त्रज्ञ बाईंना उंदरांचा एक वंश आढळला. त्यात आखूड शेपटी पिढ्यान्‌पिढ्या उतरत होती. तिथे न्हाव्याचा काही संबंध नव्हता, बीजातच बदल होता. त्या कलमाला, म्हणजे जनुकाला, ग्रीक शब्दांवरून 'ब्रॅकियुरी' असे नाव पडले. त्याचा अर्थच आखूड शेपूट. २०१३ साली मँक्स मांजरांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्यातही हेच जनुक बिघडलेले आढळले. तेही एकाच प्रकारे नाही, निरनिराळ्या मांजरांत निरनिराळ्या जागी बिघडलेले.

हे जनुक गर्भाच्या मागच्या भागाची घडण करण्यात मोठे काम करते. जोडीतले एक बिघडले आणि दुसरे चांगले असले, तर काम कसेबसे निभते, पण शेवटचे मणके पुरे होत नाहीत. त्याचे नाव बांडे मांजर. दोन्ही बिघडलेली आली, तर गर्भ पोटातच मरतो. म्हणून बांड्या मांजराची बांड्याशीच जोडी लावली तरी शुद्ध बांडा वंश कधी तयार होत नाही. चार गर्भ धरा. सरासरीने एक मरतो, दोन आखूड किंवा बिनशेपटीचे होतात, आणि एक पुरी शेपटी घेऊन येते.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. दोन पिशव्या घ्याव्या. प्रत्येकीत वीस चिंचोके आणि वीस मक्याचे दाणे घालावे. एक पिशवी आईची, एक बापाची. मुलांनी न बघता दोन्हींतून एकेक काढावा, फळ्यावर नोंद करावी आणि तो परत टाकावा. चिंचोका म्हणजे बिघडलेले जनुक. दोन्ही चिंचोके आले की ते पिल्लू जन्मलेच नाही असे धरावे. शंभर वेळा केले तर साधारण पंचवीस वेळा तसे होईल, पन्नास वेळा एक चिंचोका आणि एक दाणा येईल, आणि पंचवीस वेळा दोन्ही दाणे. मोजून पाहताना मुलांना मौज वाटते, आणि जो नियम दहा वेळा घोकून डोक्यात शिरत नाही तो हाताने शिरतो.

मग असा नुकसानीचा वारसा त्या बेटावर टिकला कसा? एकाच कणसाचे बी एखाद्या कोपऱ्यातल्या शेतात वर्षानुवर्षे पेरत राहिले, तर त्या कणसाचे गुणदोष साऱ्या शेतभर दिसू लागतात. बेटाचे तसेच असते. बाहेरची मांजरे थोडी, आतल्या आतच वंश वाढतो, आणि एखाद्या मांजरात आलेला बदल पुष्कळांत पसरतो. शेपटी नसल्याने रोजच्या जगण्यात फारसे अडले नाही. शिवाय माणसाला ते मांजर वेगळे वाटले, आवडले.

आणि इथेच हकिगतीला दुसरे वळण लागते. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हापासून जातिवंत मांजरे पाळण्याची हौस वाढली. मँक्स मांजरांतही जिला शेपटीचा मागमूस नाही ती उत्तम, असे ठरले. पण ज्या बिघाडाने शेपटी जाते तोच कधी कधी आणखी वर सरकतो. पाठीच्या कण्याची शेवटची हाडे नीट जुळत नाहीत, मज्जातंतूंची घडण बिघडते. अशा पिल्लाला मागचे पाय नीट टाकता येत नाहीत, मलमूत्र रोखता येत नाही. जन्मल्यावर पहिल्या काही महिन्यांत हे दिसू लागते आणि बऱ्याच वेळा त्याला मरण द्यावे लागते. ट्रेनसाहेबांना जी सशाची चाल वाटली, ती काही मांजरांत पाठीच्या याच व्यंगाची खूण असते.

तेव्हा घाव वंशात उतरत नाही, पण माणसाची निवड उतरते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. बियाण्यासाठी कुठले कणीस राखायचे, वळू कुठला ठेवायचा, हे तो ठरवतो आणि पुढच्या साली तेच शिवारात आणि गोठ्यात दिसते. १९८७ साली युरोपातल्या देशांनी पाळीव प्राण्यांविषयी एक करार तयार केला. त्यात म्हटले आहे की पैदास करणाऱ्याने आईच्या आणि पिल्लांच्या प्रकृतीला धोका होईल अशा गुणांचा विचार केला पाहिजे. नुसत्या दिसण्यासाठी दुसऱ्या जिवाला वेदना द्यायची नाही, एवढाच याचा अर्थ.

आखूड शेपटीची सगळीच मांजरे अशी दुर्दैवी मात्र नाहीत. जपानचे उदाहरण घेऊ. तिथेही सशाच्या शेपटीसारखा गोंडा असलेली मांजरे फार दिवसांपासून आहेत. १६०२ साली क्योतो शहरात फर्मान निघाले, की बांधून ठेवलेली मांजरे मोकळी सोडावीत आणि त्यांची खरेदी-विक्री करू नये. मांजरे गल्लीबोळांतून हिंडू लागली. जपानी लोककथांत म्हाताऱ्या मांजराची शेपटी दुभंगते आणि त्याचे भूत बनते, अशी समजूत आहे. त्यामुळे लांब शेपटीपेक्षा आखूड शेपटीचे मांजर बरे, असे लोकांना वाटत असे, असे सांगतात. हिरोशिगे या नामांकित चित्रकाराच्या १८५७ सालच्या एका चित्रात खिडकीत बसलेले पांढरे मांजर दिसते. त्याला शेपटीच्या जागी छोटासा गोंडाच आहे. नागासाकी बंदरात वाकड्या आणि आखूड शेपटीची मांजरे फार. तिथे १६४१ पासून दोनशे वर्षांहून अधिक काळ डच व्यापाऱ्यांची वखार होती आणि जावा बेटाकडून त्यांची जहाजे येत. मलाया बेटांतल्या मांजरांच्या शेपट्या निम्म्याच असतात आणि टोकाला गाठ असते, हे डार्विन यांनीही लिहून ठेवले होते. जहाजांवर उंदरांसाठी ठेवलेल्या मांजरांबरोबर ती खूण आली असावी, असा तर्क आहे. मात्र ही खूण सबंध जपानात याच वाटेने पसरली, असे नाही म्हणता येणार.

२०१६ साली या पूर्वेकडच्या मांजरांचे जनुक तपासले गेले. त्यांच्यात बदल सापडला तो अगदी निराळ्या जनुकात. गर्भात मणके एकामागून एक ठरावीक तालावर बनत जातात, तो ताल सांभाळणारे हे जनुक आहे. हा बदल मँक्स मांजरासारखा जीवघेणा नाही. आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरी पिल्लू जगते. पाहा, दोन मांजरे वरून सारखीच बांडी, पण एकीचे कारण वेगळे आणि दुसरीचे वेगळे. एकीच्या वारशात मरण दडलेले, दुसरीच्या नाही. म्हणून वरच्या रूपावरून आतल्या कारणाचा निवाडा करू नये.

श्रोतेहो, मांजराची शेपटी ना नोहाच्या दाराने नेली, ना कुणा लढवय्याने. ती गर्भात कधी बनलीच नव्हती. हे समजायला कुणीतरी ९०१ पिल्ले एक एक करून मोजावी लागली, आणि कुणीतरी भर सभेत विचारावे लागले, की बाप कोण होता? उद्या आपल्या आळीत एखाद्या घरी व्यंग असलेले मूल जन्मले आणि चार बायका त्या आईला काहीबाही विचारू लागल्या, तर आपल्यापैकी कुणीतरी पुढे होऊन म्हणावे, "अहो, तिला कशाला छळता? तिचा काही दोष नाही. चला, बाळाला डॉक्टरांकडे घेऊन जाऊ." एवढे झाले, तरी त्या बिनशेपटीच्या मांजरांचे आपल्यावरचे ऋण थोडे फिटले असे म्हणता येईल.